रेइनोच्या वाटेवरचं चाक

पेतायावारा,
शुक्रवार, सकाळ

प्रिय हिल्काअक्कास,

धाकट्या इल्मोचा नमस्कार पोचावा. तुझा गुडघा, भाऊजींचा रक्तदाब आणि तुमचं ते म्हातारं मांजर, तिघांचीही प्रकृती ठीक आहे असं मी धरून चालतो. (मांजर गेलं असेल तर इतक्यात कळवू नकोस. आणखी एक वाईट बातमी सोसायची सध्या माझ्यात ताकद नाही.) इकडे थंडी कडाक्याची आहे, आकाश निरभ्र आहे आणि बर्फाचा नवा कण पडायला तयार नाही. मी दर अर्ध्या तासाने खिडकीपाशी जाऊन वर बघतो. माझी तब्येत विचारशील, तर घसा बसला आहे, खांदा आखडला आहे आणि दारात कुणाची चाहूल लागली की छातीत धस्स होतं. बाकी सर्व क्षेम.

फोन का केला नाहीस, असं तू विचारणार. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि ही हकिकत अर्धवट ऐकलीस तर तुझा असा समज होईल की आपल्या भावाने गुन्हा केला आहे. पुरी वाचलीस तरी तोच समज होईल म्हणा, पण निदान त्यामागे कारणं होती एवढं तरी तुला कळेल. म्हणून लिहायला बसलो.

मुळात या सगळ्याची सुरुवात तू केलीस. माझ्या वाढदिवसाला लेकीने ती जाड चाकांची, खिळ्यांच्या टायरची सायकल पाठवली, तेव्हा मी ती गुपचूप लाकडांच्या खोपटात ठेवून दिली होती. तिचा मान राखायला कधी संध्याकाळी अंगणात सॉनाभोवती दोन फेऱ्या मारायचो, तेही शेजारपाजारचं कुणी बघत नाही याची खात्री करून. पण नाताळात तू आलीस आणि म्हणालीस, "अरे, आमच्या ओउलूत सत्तरीच्या बायका भर हिवाळ्यात सायकलवरून बाजार करतात, आणि तू या वयात म्हातारा झालास?" तुमच्या ओउलूत सायकलींसाठी वेगळे रस्ते आहेत, त्यावर पहाटे यंत्र फिरतं, दिवे लागतात. आमच्याकडे जंगल आहे. पण तुझं बोलणं मनाला लागलं ते लागलंच.

आता आउनेबद्दल. तू तिला एकदा दुकानात बघितलं आहेस. लाल टोपी, ताठ चाल, कॉफीच्या फडताळासमोर उभी राहून दुकानदाराला सुनावत होती तीच. तळ्यापलीकडे एकटी राहते. आमच्या स्की मंडळाची ती चिटणीस आहे, म्हणजे अध्यक्ष कुणीही असला तरी मंडळ तीच चालवते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. माझी सिल्वी गेल्यापासून घरात माझ्याशी बोलणारा फक्त रेडिओ आहे हे तुला ठाऊक आहे. तर या शरद ऋतूपासून आउने आणि मी, म्हणजे दुकानात भेट झाली की थोडं जास्त वेळ उभे राहतो. मला ती फार आवडते, अक्का. आडून आडून लिहिण्यात अर्थ नाही. तिच्यासमोर उभं राहिलं की मला आपण नीट दाढी केली आहे का याची काळजी वाटते, आणि ही काळजी मला सिल्वीनंतर पहिल्यांदाच वाटते आहे. तर या आउनेने गेल्या आठवड्यात मला शनिवारी दुपारी कॉफीला बोलावलं. एकट्याला! आपल्याकडे याचा अर्थ काय होतो ते तुला सांगायला नको. चार दिवस मी सदऱ्याला इस्त्री करत होतो.

शनिवारी सकाळी उठून बघतो तर मोटार मेलेली. आदल्या संध्याकाळी इंजिनाच्या हीटरची वायर अंगणातल्या विजेच्या खांबाला जोडायची विसरलो होतो. (कारण मी इस्त्री करत होतो.) उणे एकोणीस होतं. किल्ली फिरवली की गाडी एकदा खोकायची आणि पुन्हा झोपायची. बस शनिवारी येत नाही. तू म्हणशील, तळं ओलांडून स्कीवर का नाही गेलास? अक्का, निदान तू तरी हे विचारू नकोस. शाळेच्या स्कीच्या दिवशी दर वर्षी माझा घसा कसा धरायचा, आणि आईला चिठ्ठी लिहायला कोण लावायचं, हे जगात तुझ्याखेरीज कुणालाच माहीत नाही. साठी उलटलेला पुरुष, जंगलात राहतो आणि स्कीवर चार पावलंसुद्धा उभा राहू शकत नाही! आमच्या गावात हे सांगण्यापेक्षा आपण तुरुंगात जाऊन आलो असं सांगणं सोपं. सगळ्यांना वाटतं की मी एकटाच, लांब, कुणी नसेल तिथे स्की करायला जातो. मी कधी नाही म्हणालो नाही.

थोडक्यात, सायकल उरली.

तिच्यासाठी मी ट्युलिप आणले होते, पिवळे, नऊ. दुकानातल्या मुलीने ते कागदाच्या चार थरांत गुंडाळून दिले आणि बजावलं की थंडीत पाच मिनिटांपेक्षा जास्त नेऊ नका. आउनेचं घर जंगलाच्या रस्त्याने सायकलवर पाऊण तास तरी आहे. म्हणून मी गुच्छ कोटाच्या आत, स्वेटर आणि सदऱ्याच्या मध्ये खोचला. फुलांची तोंडं हनुवटीखाली येत होती. वरून मफलर गुंडाळला, सिल्वीने विणलेले दोन जोड मोजे घातले, टोपी कानांवर ओढली आणि निघालो. देठ मोडू नयेत म्हणून मला अगदी ताठ बसावं लागत होतं. हँडलवर वाकायची सोय नव्हती, त्यामुळे पुढे नेमकं काय आहे हे मला नुसतं अंदाजाने कळत होतं. शिवाय मफलरातून निघालेली वाफ चष्म्यावर गोठत होती. मी काचा बोटाने खरवडायचो, मग एका हाताने चालवताना सायकल वळायची, मग दोन्ही हातांनी धरलं की काचा पुन्हा गोठायच्या.

पण खरं सांगायचं तर पहिली वीस मिनिटं मजा आली. रस्ता लाकडाच्या ट्रकांसाठी साफ केलेला होता. दोन्ही बाजूंना स्प्रूसच्या फांद्या बर्फाने जमिनीपर्यंत वाकल्या होत्या. ऊन इतकं खाली आलं होतं की झाडांच्या बुंध्यांमधून आडवं येत होतं. टायरच्या खिळ्यांचा कुरकुर कुरकुर आवाज सोडला तर कुठे काही हलत नव्हतं. मी मनात म्हटलं, अक्काचं बरोबर होतं. (हे मी परत लिहिणार नाही, तेव्हा जपून ठेव.) आउनेसमोर काय बोलायचं याची तालीमही सुरू केली. आणि तेवढ्यात माझ्या पुढच्या चाकाशेजारी बर्फ फुटला.

रानकोंबड्या, अक्का. भर थंडीत बर्फाखाली बीळ करून झोपतात त्या. मला ठाऊक आहे, तुलाही ठाऊक आहे, लहानपणापासून ठाऊक आहे, पण पाच-सहा काळे पक्षी एकदम पायांखालून भडाभडा उडाले की माणसाला लहानपणी ऐकलेलं काही आठवत नाही. मी ओरडलो, सायकल एकीकडे गेली आणि मी दुसरीकडे, कडेच्या ढिगाऱ्यात, पाठीवर. पाठीवर का, तर पुढे फुलं होती. पडतानासुद्धा मी त्यांना जपलं याचा मला आजही अभिमान वाटतो, कारण त्या दिवसात अभिमान वाटावा असं पुढे काही घडलेलं नाही. खांदा तेव्हाच गेला. मानेतून बर्फ आत शिरला तो थेट कमरेपर्यंत. चेनमध्ये बर्फ भरून गिअर एकाच जागी गोठला, तोही चढणीचा. त्यामुळे सपाटीवर मी उगाचच भराभर पाय मारत होतो आणि सायकल चालीच्या वेगाने पुढे जात होती.

ट्रक जिथे वळतात तिथपर्यंत असाच गेलो. आणि तिथे रस्ता संपला. म्हणजे रस्ता होता, पण बर्फ साफ करणारा तिथूनच मागे फिरला होता. पुढे गुडघाभर भुसभुशीत बर्फ, आउनेच्या घरापर्यंत. उतरून सायकल ढकलायला लागलो. दहा पावलांत घामाघूम झालो. मफलर बाजूला करून आत पाहिलं तर वरच्या दोन फुलांच्या कडा काचेसारख्या दिसायला लागल्या होत्या. असंच ढकलत राहिलो तर तास लागणार, आणि तिच्या हातात नऊ गोठलेल्या काड्या द्याव्या लागणार. आणि अक्का, त्याच वेळी उजवीकडे, झाडांच्या पलीकडे, मला ती दिसली. स्कीची वाट.

तुला रेइनोबद्दल सांगायला हवं. रेइनो तोल्वानेन पूर्वी लाकडाचे ट्रक चालवायचा. निवृत्त झाल्यापासून तो आमची स्कीवाट राखतो. स्नो-स्कूटरमागे दाबायचं अवजड धूड बांधून तो पहाटे निघतो आणि स्कीजसाठी दोन सरळ चर असे काढतो की त्यात पाणी ओतलं तर ते तळ्यापर्यंत वाहत जाईल. बायकोच्या आजारपणाबद्दल सुद्धा तो एवढ्या हळव्या आवाजात बोलत नाही जेवढ्या वाटेबद्दल बोलतो. मार्चमध्ये मंडळाची शर्यत आहे, आणि त्यासाठी त्या दिवशी सकाळीच त्याने नवी वाट दाबली होती. तिच्या तोंडाशी एक पाटी आहे. पायी चालणारे, कुत्रे आणि चाकं, तिघांवर लाल फुली. पाटी आउनेने स्वतः रंगवली आहे. फुली मारताना तिने ब्रश किती जोरात दाबला असेल ते रंगाच्या थरावरून कळतं.

आपल्याकडे माणूस काय काय करतो आणि लोक त्याला माफ करतात, तुला माहीत आहे. दारू पिऊन चर्चमध्ये झोपतो, करही बुडवतो. पण दाबलेल्या स्कीवाटेवर पाऊल टाकलेल्या माणसाबद्दल आमच्या गावात त्याच्या मरणानंतरसुद्धा चांगलं बोलत नाहीत. आणि मी तर चाक टाकणार होतो. मी पाटीखाली बराच वेळ उभा राहिलो. मनाशी म्हटलं, फक्त त्या वळणापर्यंत. मग कडेकडेने जाऊ. मग म्हटलं, खिळे बारीक आहेत. (ते बारीक नाहीत.) मग हनुवटीखाली पिवळं काहीतरी दिसलं आणि मी सायकलवर बसलो.

काय सांगू! घरातल्या फरशीसारखी वाट. सायकल आपोआप पळत होती. वळण आलं आणि गेलं. दुसरं आलं. मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, कारण मागे काय होत असणार हे मला आवाजावरून कळत होतं. आउनेच्या घराचा धूर झाडांवर दिसू लागला, आणि त्याच क्षणी लांबून स्नो-स्कूटरचा आवाज आला.

मी उडी मारून उतरलो. सायकल उचलली, दुखऱ्या खांद्यावर टाकली आणि वाट सोडून आत, दाट झाडांत पळालो. पळालो म्हणजे कमरेएवढ्या बर्फात एकेक पाय उपसत गेलो. फांद्यांवरचा सगळा बर्फ डोक्यावर घेत आउनेच्या लाकडांच्या ढिगामागे पोचलो, सायकल आडवी करून वर बर्फ लोटला, अंग झटकलं आणि दार वाजवलं. दार उघडताच मी कोटातून फुलं काढून पुढे केली. आउने म्हणाली, "अगंबाई, ट्युलिप! इल्मो, तुम्ही?" आणि तिचे कान लाल झाले. अक्का, त्या क्षणी मला वाटलं की सगळं सार्थकी लागलं. फुलं अगदी ताठ होती.

गोठलेली फुलं लगेच मान टाकत नाहीत हे तुला माहीत होतं का? मला नव्हतं. आधी ऊब लागावी लागते.

आम्ही टेबलाशी बसलो. वेलदोड्याचा गोड पाव ताजा होता, राय धान्याच्या पातळ पोळीत भात भरलेल्या पुऱ्या होत्या, वर उकडलेलं अंडं कालवलेलं लोणी होतं. फुलदाणी मधोमध. तिने पहिला कप भरला आणि बाहेर स्कूटर थांबली. रेइनो बूट काढून आत आला आणि टोपी न काढताच खुर्चीवर कोसळला.

"आउने," तो म्हणाला, "संपलं सगळं."

"काय झालं? घरी बरं आहे ना?"

"घरी कसलं! वाटेवर! चाक, आउने! एखादं रेनडिअर गेलं असतं तर म्हटलं असतं, जनावर आहे, त्याला काय कळतं. चाक! पाटीपासून निघून थेट इथवर आलं, आणि मोठ्या स्प्रूसपाशी गायब. आभाळात उडाला की काय मेला!"

आउनेने हातातली किटली खाली ठेवली, हळूच, पण तो आवाज मला पायांच्या बोटांपर्यंत जाणवला. मग म्हणाली, "ज्याने हे केलं त्याला या घरात कॉफीचा थेंब मिळणार नाही. आज नाही, कधीच नाही." आणि मला आणखी एक पाव वाढला.

तेवढ्यात पहिल्या ट्युलिपने मान टाकली. अगदी हळू, रेइनोकडे. मग दुसऱ्याने. मी बोलण्यात लक्ष घालायचा प्रयत्न करत होतो, पण माझ्या डोळ्यांसमोर नऊच्या नऊ फुलं एकेक करून टेबलावर आडवी होत होती, जणू माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला एकेक जण उठत होता. रेइनो सांगत होता की झाडांत बुटांचे ठसे आहेत, मोठे आहेत. माझे बूट दारात होते, बर्फाने भरलेले, आणि रेइनोने आपले काढून नेमके त्यांच्यावर टाकले होते. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

"आणि तुम्ही?" तो माझ्याकडे वळला. "तुम्ही स्कीवरूनच आलात ना? तुम्हाला कुणी दिसलं का वाटेवर?"

अक्का, माझी मान हलली. मी ती हलवली असं म्हणता येणार नाही. ती हलली, होकारार्थी, आणि मग तोंडही म्हणालं, "स्कीज कुंपणाबाहेर ठेवल्यात." नशिबाने कुणी बघायला गेलं नाही. उलट आउनेचा चेहरा खुलला. "बघ रेइनो, या वयात, या थंडीत, फुलं घेऊन स्कीवर येतात. आणि शर्यतीत ज्येष्ठांच्या गटात माणसं नाहीत म्हणून तू रडतोस!" रेइनोने तिथल्या तिथे माझं नाव घातलं. मला वाटतं मी आभारही मानले.

त्यानंतर रेइनो म्हणाला, चोर कोण ते उघड आहे. गावात हिवाळ्यात सायकल चालवणारा एकच माणूस आहे. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे वाल्तेरी. ते तुर्कूहून आले आहेत, तिशीतले, उंच, सगळ्यांना वाकून नमस्कार करतात. "दक्षिणेकडचा माणूस," रेइनो म्हणाला, "त्याला वाट काय आणि फूटपाथ काय." मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. माझ्या तोंडात पाव होता. पाव संपल्यावर सुद्धा मी दुसरा घेतला.

परत कसा आलो ते थोडक्यात लिहितो. आउने निरोप द्यायला दारात उभी, मी कुंपणाबाहेर जाऊन स्कीज घातल्याचा अभिनय केला, झाडाआड गेलो, ती आत जाईपर्यंत फांद्यांखाली बसलो, मग वळसा घालून सायकल काढली आणि गुडघाभर बर्फातून ट्रकांच्या रस्त्यापर्यंत ढकलत नेली. वाटेवर परत पाय ठेवायची हिंमत नव्हती. घरी आल्यावर सायकल चिमटीएवढाही बर्फ राहू नये अशी धुतली, पुसली, तेल घातलं. रेइनोने रविवारी वाट पुन्हा दाबून घेतली, पण झाडांतले माझे ठसे अजून तसेच आहेत. आणि गावात वाल्तेरींशी आता कुणी बोलत नाही. परवा दुकानात ते दूध घेत होते आणि दुकानदाराने सुटे पैसे त्यांच्या हातात न देता काउंटरवर ठेवले. त्यांनी मला बघून वाकून नमस्कार केला. मी काड्यापेट्यांच्या मागे गेलो.

तर असं आहे. काळजी करू नकोस, मी ती दोघांच्याही वाट्याची करतो आहे. भाऊजींना नमस्कार, मांजराला (असेल तर) आशीर्वाद.

तुझा,
इल्मो

ता. क. आपल्या वडिलांच्या लाकडी स्कीज तुझ्या माळ्यावर असतील तर पाठवून दे. कागदात नीट गुंडाळ, टपाल गाडीतून उतरताना आत काय आहे हे कुणाला कळता कामा नये. आणि त्यांच्यावर उभं राहताना वजन पुढे टाकायचं की मागे, एवढं कळव.

ता. क. दुसरा, रविवार. तिकिटं संपली होती म्हणून पाकीट राहिलं. बरंच झालं, कारण आता सगळं मिटलं आहे आणि त्यामुळे मला झोप येत नाही. झालं असं की वाल्तेरी काल रेइनोच्या घरी गेले, कॉफीचं पुडकं घेऊन, आणि म्हणाले, "माझ्याकडून जे काही झालं असेल त्याबद्दल मनापासून माफी मागतो." आपण काय केलं हे त्यांना अजूनही ठाऊक नाही! त्यांना वाटलं, चर्चमध्ये एखादं भजन फार संथ वाजवलं. रेइनोचं मन विरघळलं, त्याने त्यांना स्कूटरवर फिरवून आणलं. म्हणजे मी सुटलो. कुणाला काही सांगायची गरज उरली नाही. आणि तरीही आज चर्चमध्ये त्यांनी मागे वळून माझ्याकडे हसून बघितलं तेव्हा मला माझी लाज वाटली, अक्का. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. चर्च सुटल्यावर मी सरळ रेइनोच्या गॅरेजमध्ये गेलो आणि म्हणालो, "चाक माझं होतं."

रेइनोने पाना खाली ठेवला. "इल्मो, तुम्ही तर स्कीवर आला होतात. आउनेसमोर सांगितलंत."

"खोटं सांगितलं. चला, सायकल दाखवतो." नेली, दाखवली. खोपटात ती उभी होती, चकचकीत, तेल घातलेली, आणि हँडलला लेकीने बांधलेली वाढदिवसाची फीत. (ती काढायची राहूनच गेली होती.) रेइनोने फीत बोटाने चाचपली आणि त्याचे डोळे भरून आले. "एका परक्या पोराची अब्रू वाचवायला तुम्ही नवी सायकल विकत घेतलीत?" तो म्हणाला. "फीतसुद्धा काढली नाहीत हो!" मी खूप सांगितलं. रानकोंबड्या सांगितल्या, फुलं सांगितली, गोठलेला गिअर सांगितला. जितकं सांगत गेलो तितका तो माझा हात जास्त दाबत गेला. शेवटी म्हणाला, "पुरे. मी हे कुणाला सांगणार नाही." म्हणजे आउनेला तो तासाभरात सांगणार हे मला समजलं.

ता. क. शेवटचा, सोमवार. काल दुपारी आउने माझ्याकडे आली. स्कीवर, तळं ओलांडून. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "इल्मो, रेइनोने मला सगळं सांगितलं. माझ्या नवऱ्याची टोपी जिथे असायची ती खुंटी इतकी वर्षं रिकामी आहे. दुसऱ्याचा दोष स्वतःवर घेणाऱ्या माणसाची टोपी तिथे असली तर मला आवडेल." मी म्हणालो, "आउने, चाक खरंच माझं होतं." तिने माझ्या ओठांवर लोकरी हातमोजा ठेवला. मी पुन्हा म्हणालो नाही. ती निघून गेल्यावर मी स्वयंपाकघरात बसून रडलो, अक्का, सुखाने, आणि भीतीने, कारण तिने ज्याला निवडलं तो मी नाही.

म्हणून आता खरं काम सांगतो, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. तू इथे ये. तिच्या टेबलाशी बस, तुझ्या त्या आवाजात तिला सांग की हा माझा भाऊ आहे, याला स्की येत नाही, चाक यानेच घातलं आणि फुलांसाठी घातलं. माझं कुणी ऐकत नाही, पण तुझं ती ऐकेल. तुझं सगळे ऐकतात.

फक्त आत्ताच येऊ नकोस. मेमध्ये, बर्फ वितळल्यावर ये. तोवर माझी टोपी त्या खुंटीवर राहू दे.